आधी रक्तवाहिनी बघ

पॅथॉलॉजीत बहुतेक वेळा काहीतरी दिसलं की उत्तर मिळतं. गाठीच्या तुकड्यात वेड्यावाकड्या पेशी दिसल्या की कॅन्सर, थुंकीच्या स्लाइडवर लाल काड्या दिसल्या की टीबी. मी ज्या खोलीत टेक्निशियन म्हणून नोकरीची बरीचशी वर्षं काढली, तिथे एक तपासणी उलटी होती. काही दिसलं नाही, तर आजार. तपासणीचं नाव फॉस्फोरायलेज स्टेन, आजाराचं नाव मॅकआर्डल. आजार दुर्मीळ, लाखात एखाद्याला असावा असा ढोबळ अंदाज सांगतात. त्यामुळे आमच्या हातून गेलेले खरे रुग्ण थोडेच. तपासणी मात्र प्रत्येक संशयिताची करावी लागायची, आणि ‘इथे अमुक नाही’ एवढं वाक्य छातीठोकपणे लिहायला किती खटाटोप लागतो, हे त्या कामात कळलं.

मुंबईतलं एक मोठं सरकारी रुग्णालय. थिएटरमधून फोन यायचा, ‘मसल निघतोय’, आणि शिपाई मामा तुकडा घेऊन जिन्याने वर यायचे. लिफ्टची वाट बघू नका हे त्यांना बजावून ठेवलेलं. तुकडा दंडातला किंवा मांडीतला, करंगळीच्या पेराएवढा. तो सलाइनमध्ये भिजवून पिळलेल्या गॉजमध्ये गुंडाळलेला हवा, डबी बर्फावर हवी. सलाइनमध्ये तरंगत आला तर फुगतो. फॉर्मॅलिनमध्ये आला तर संपलंच. पॅथॉलॉजीत येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक तुकड्याला फॉर्मॅलिन लागतं, म्हणून थिएटरमधल्या नव्या सिस्टरचा हात सवयीने त्याच बाटलीकडे जायचा. तिचा दोष नाही. पण फॉर्मॅलिन लागलं की एन्झाइम मेलं, आणि रुग्णाच्या मांडीवरची चीर फुकट गेली. बाहेरच्या एका नर्सिंग होमला मी इतक्यांदा फोन करून सांगितलं होतं की माझा आवाज ऐकताच पलीकडची रिसेप्शनिस्ट म्हणायची, ‘हो ताई, सुकं गॉज नाही, ओलं गॉज, फॉर्मॅलिन नाही.’ पाठ होतं तिला. तुकडे तरीही कधीमधी फॉर्मॅलिनमध्येच यायचे.

आल्या आल्या गोठवायचं. नुसत्या लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकून चालत नाही. तुकड्याभोवती वायूचा थर धरतो, गोठणं मंदावतं आणि पेशींत बर्फाचे खडे होतात. मग स्लाइडवर तंतूंत भोकंच भोकं. म्हणून स्टीलच्या पेल्यात आयसोपेंटेन घ्यायचं, पेला नायट्रोजनमध्ये अर्धा बुडवून धरायचा आणि बघत राहायचं. तळाशी पांढरे कण धरायला लागले की उणे १६० अंशांच्या आसपास आलो. तोवर कॉर्कच्या चकतीवर डिंकाच्या टिपक्यात तुकडा उभा करून ठेवलेला असायचा. तंतू उभे हवेत, म्हणजे काप आडवा पडतो. चिमट्याने कॉर्क धरून झटक्यात बुडवायचं. चर्र आवाज येतो, गुलाबी तुकडा खडूसारखा पांढरा होतो. मग क्रायोस्टॅटच्या थंड पेटीत हात घालून आठ-दहा मायक्रॉनचे काप. काप ब्लेडवरून सुटताना गुंडाळायला बघतो. त्याला ब्रशने धरून ठेवायचं आणि काच वरून टेकवायची. हे जमायला मला पावसाळे-हिवाळे लागले. मे महिन्यात एसी बंद पडला की तेही विसरायला व्हायचं.

आता त्या एन्झाइमबद्दल. पोटात गेलेल्या साखर-पिष्टातला बराच भाग स्नायू ग्लायकोजेन करून साठवतात. धडधाकट माणसाच्या सगळ्या स्नायूंत मिळून चारशे-पाचशे ग्रॅम असतं. जिना चढायचा, ओझं उचलायचं, धावत गाडी पकडायची झाली की तिथल्या तिथे ते फोडून वापरायचं. फोडण्याची सुरुवात मायोफॉस्फोरायलेज करतं. ग्लायकोजेनच्या टोकाचा एकेक ग्लुकोज, फॉस्फेट जोडून, सुटा करतं. मॅकआर्डलच्या रुग्णात नेमकं हेच एन्झाइम नसतं. साठा भरलेला, उलट नेहमीपेक्षा जरा जास्तच, आणि गरजेच्या क्षणी त्यातला कणही हाती लागत नाही.

आमच्या जारमध्ये मात्र आम्ही ह्या एन्झाइमला उलट्या कामाला लावायचो. ग्लुकोज-१-फॉस्फेट भरपूर दिलं की ते तोडायचं सोडून जोडायला लागतं. ग्लुकोजच्या लांबच लांब, बिनफांद्यांच्या साखळ्या तयार होतात. सदतीस अंशाला ठेवायचं, मग आयोडीन घालायचं. शाळेत बटाट्याच्या कापावर आयोडीन टाकून निळं होताना आपण सगळ्यांनी पाहिलंय, त्याच जातीची ही प्रक्रिया. एन्झाइम जिवंत असेल तर स्नायूचे तंतू निळे-जांभळे होतात, काही गडद, काही फिके, फरशीच्या नक्षीसारखे. नसेल तर आयोडीनचा मळकट पिवळेपणा तेवढा उरतो.

त्या ग्लुकोज-१-फॉस्फेटला जुनी पुस्तकं कोरी एस्टर म्हणतात. कार्ल आणि गर्टी कोरी ह्या नवरा-बायकोने ते १९३६ मध्ये दाखवून दिलं, आणि फॉस्फोरायलेज हे एन्झाइम त्यांच्याच प्रयोगशाळेत शुद्ध झालं. १९४७ चं नोबेल दोघांना मिळालं. आमच्या मॅडम, म्हणजे विभागातल्या सीनियर पॅथॉलॉजिस्ट, ही गोष्ट सांगताना पुढचं वाक्य कधी चुकवायच्या नाहीत: गर्टीबाईंना पूर्ण प्राध्यापकपद मिळालं तेही त्याच वर्षी, त्याआधी बरीच वर्षं त्या नवऱ्याच्या बरोबरीचं काम साध्या संशोधन सहायकाच्या पदावर करत होत्या. खोलीतल्या आम्ही सगळ्या बायका. ही गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायला कोणाची ना नसायची.

जारमध्ये आणखी एक रसायन लागायचं, एएमपी. स्नायूतली ऊर्जा खर्च होत आली की पेशीत एएमपी वाढतं, आणि सुस्त पडलेलं फॉस्फोरायलेज त्याने जागं होतं. एन्झाइम जागं करण्याची दुसरी वाट म्हणजे त्याला फॉस्फेटचा एक गट चिकटवणं. ती एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर ह्यांनी १९५० च्या दशकात शोधली. पुढे कळलं की पेशीतल्या असंख्य प्रथिनांची चालू-बंद कळ हीच आहे. नोबेल यायला १९९२ साल उजाडलं. मी तेव्हा खोलीत नवीन होते. मॅडमनी त्या दिवशी पेढे आणले होते. आपल्या फ्रिजमधल्या एका बाटलीचा एवढ्या मोठ्या कामाशी संबंध आहे, ह्याची मला तेव्हा गंमत वाटली होती.

रंगाचा एक त्रास असा की तो टिकत नाही. बघता बघता फिकट होत जातो. म्हणून आयोडीनचा थेंब टाकायच्या आधी मॅडमना फोन करायचा, त्या येऊन मायक्रोस्कोपपाशी बसल्या की मगच थेंब. रोल भरायच्या कॅमेऱ्याच्या काळात फोटो काढायचीही घाई असायची. पहिल्यांदा मी त्यांना सांगितलं, ‘मॅडम, रंग नाही आला,’ तेव्हा त्यांनी डोळा भिंगाला लावण्याआधी मलाच विचारलं, ‘रक्तवाहिनीत आलाय का?’

हा प्रश्न मी नंतर आयुष्यभर विचारत आले. स्नायूच्या तुकड्यात बारीक रक्तवाहिन्या असतात, त्यांच्या भिंतीतही स्नायूच असतो, पण वेगळ्या प्रकारचा, आणि त्यातलं फॉस्फोरायलेज वेगळ्या जनुकातून बनतं. मॅकआर्डलमध्ये ते शाबूत राहतं. म्हणजे खऱ्या मॅकआर्डलच्या स्लाइडवर सगळे तंतू फिके आणि मध्येच एक बारीकसं जांभळं कडं, असं चित्र दिसायला हवं. ते कडं दिसलं, तर रसायनं ठीक आहेत, तुकडा जिवंत पोचलाय, तापमान बरोबर होतं, आणि तरीही तंतूंत रंग नाही. कडंही फिकं असेल, तर ह्या स्लाइडने काहीच सांगितलेलं नाही. शिवाय त्याच काचेवर शेजारी कोणाच्या तरी निरोगी स्नायूचा कापही लावायचा. मॅडम म्हणायच्या, ‘नाही म्हणायचं असेल तर दोन साक्षीदार आण.’

एकदा विदर्भातून रात्रीच्या बसने एक तुकडा आला. थर्मासमधला बर्फ वाटेतच वितळलेला, सकाळी डबीत कोमट पाणी. तरुण मुलगा होता. तिथल्या डॉक्टरांनी मॅकआर्डलचा संशय लिहून पाठवला होता. रंगवून बघितलं, सगळं फिकं. शेजारचा निरोगी काप छान जांभळा, पण मुलाच्या रक्तवाहिन्या तंतूंइतक्याच फिक्या. मॅडमनी रिपोर्टवर लिहिलं, ‘नमुना तपासणीयोग्य नाही.’ मुलाचे वडील खिडकीपाशी येऊन खूप बोलले. त्यांचं बरोबर होतं. पैसे, प्रवास, मुलाच्या पायावर चीर, आणि हातात काय, तर नमुना योग्य नाही. संशयावर शिक्का मारून दिला असता तर ते निदान शांतपणे घरी गेले असते. पुढे तो मुलगा मुंबईत आला, पुन्हा तुकडा निघाला, मामा जिन्याने धावत आले. तंतू एकजात जांभळे झाले. त्याचा आजार वेगळाच होता.

ह्याच्या अगदी उलट फसवणूकही होते. ह्या आजाराच्या मोठ्या झटक्यात स्नायूचे तंतू मरतात आणि काही दिवसांत नवे फुटायला लागतात. ह्या कोवळ्या तंतूंत गर्भातल्या बाळाच्या स्नायूसारखं वेगळं फॉस्फोरायलेज असतं, आणि ते मॅकआर्डलच्या रुग्णातही असतं. झटक्यानंतर घाईने तुकडा काढला तर असे जांभळे ठिपके दिसून ‘एन्झाइम आहे की’ असं वाटू शकतं. म्हणून थांबा, काही आठवडे जाऊ द्या, मग तुकडा काढा, हे मॅडम वॉर्डातल्या रेसिडेंटना सांगायच्या. रेसिडेंटना डिस्चार्जची घाई, कारण खाट रिकामी हवी. दर खेपेला तोच वाद.

रुग्ण आम्हाला सहसा भेटत नाहीत. आमच्याकडे नंबर येतो, नाव येतं, तुकडा येतो. माणूस भेटतो तो रिपोर्टच्या खिडकीत, आणि तिथे आम्हाला बोलायची परवानगी नसते. ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढंच. पण खिडकीत उभं राहून लोक आपणहून बोलतात, आणि ऐकायला मनाई नव्हती.

एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. त्यात १६०० मीटर धावायचं असतं. मुलगा दिसायला धट्टाकट्टा, पिंडऱ्या तर पैलवानासारख्या. मैदानावर पहिल्या मिनिटातच पाय जड व्हायचे, मांड्या दुखायच्या, बाकीची पोरं पुढे जायची. हा मागे चालत राहायचा. आणि मग आठ-दहा मिनिटांनी अचानक पाय मोकळे व्हायचे आणि त्यानंतर तो तासभर आरामात पळायचा. मास्तर म्हणायचे, नाटकं करतोस, आता कसा पळतोस मग? घरी आईचं म्हणणं, लहानपणापासून असाच, सुरुवातीलाच कंटाळतो. ह्या आजारात माणसावर कोणाचा विश्वास बसत नाही तो ह्याच कारणाने. खरोखर आजारी माणूस हळूहळू दमत जातो अशी आपली समजूत. हा आधी दमतो आणि मग ताजातवाना होतो. इंग्रजीत त्याला सेकंड विंड म्हणतात. सुरुवातीच्या मिनिटांत स्नायू आपल्याच साठ्यावर अवलंबून असतात, आणि तोच ह्यांना बंद असतो. पुढे रक्ताचा पुरवठा वाढतो, यकृतातला ग्लुकोज आणि चरबीतली आम्लं पोचायला लागतात आणि गाडी चालू पडते. नाडीसुद्धा त्या वेळी खाली येते. ताकद लावली जात असतानाच ठोके कमी होतात, हे निरोगी माणसात बघायला मिळत नाही.

मास्तरांनी एक दिवस सगळ्यांना बैठका मारायला लावल्या. मित्रांदेखत माघार नको म्हणून ह्याने दात-ओठ खाऊन आकडा पूर्ण केला. रात्री मांड्या दगड झाल्या. सकाळी लघवी काळ्या चहासारखी. तालुक्याच्या लॅबमध्ये पट्टीवर रक्त पॉझिटिव्ह, पण मायक्रोस्कोपखाली एकही तांबडी पेशी नाही. असा मेळ न बसणारा रिपोर्ट दिसला की स्नायूचा विचार करायला हवा, कारण पट्टीवर रंग आणणारं ते रक्त नसून फुटलेल्या तंतूंतलं मायोग्लोबिन असतं. तिथे कोणाच्या डोक्यात आलं नाही. मूतखडा समजून औषधं दिली. मुंबईला आला तोवर मूत्रपिंडं बसली होती, डायलिसिसवर काढावे लागले काही दिवस. सीके नावाची जी रक्ततपासणी निरोगी माणसात साधारण दोनशेच्या आत असते, ती त्याची लाखाच्या पुढे. बरा झाल्यावरही ती दीड-दोन हजारांच्या खाली उतरेना. तेव्हा तुकडा आमच्याकडे आला. पीएएस स्टेनमध्ये तंतूंच्या कडांना ग्लायकोजेनचे फुगवटे, गडद गुलाबी. फॉस्फोरायलेजमध्ये तंतू फिके, आणि एका कोपऱ्यात रक्तवाहिनीचं स्वच्छ जांभळं कडं. पाठ्यपुस्तकात छापावी अशी स्लाइड. आम्ही सगळ्या आळीपाळीने बघून आलो. खोटं कशाला सांगू, आनंद झाला होता. खाली वॉर्डात त्याच वेळी त्याला भरतीचं विसर म्हणून सांगत होते.

हा हाताचा आजार की पायाचा, असं काही नसतं. जो स्नायू अचानक जोराने वापराल तो बोंबलतो. साताऱ्याकडची एक बाई आठवते, पन्नाशीची. लग्न होऊन आली तेव्हा विहीर लांब, दोन हंडे डोक्यावर, कळशी कमरेला. चढाला लागली की पिंडऱ्यांत गोळे. कळशीचा काठ धरलेली बोटं वळलेलीच राहायची, घरी आल्यावर दुसऱ्याने एकेक बोट सोडवायचं. सासू म्हणायची कामचुकार. वाताची औषधं झाली, कॅल्शियम झालं, बी-बारा झालं, मनाच्या डॉक्टरांकडेही नेऊन झालं. मध्ये एकदा एसजीओटी-एसजीपीटी वाढलेलं दिसल्यावर काविळीची झाडपाल्याची औषधं आणि पथ्य झालं. ही दोन एन्झाइमं यकृतासारखीच स्नायूतही असतात, स्नायू फुटला की तीही वाढतात. सीके केलं असतं तर त्याच दिवशी उलगडलं असतं. तिच्या आई-वडिलांचं लग्न मामा-भाच्यांच्या नात्यातलं, आणि एका भावालाही तसाच त्रास. हा आजार व्हायला आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. नात्यातल्या लग्नात दोघांकडे एकच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे, म्हणून मॅडम फॉर्मवर त्या रकान्यात काय लिहिलंय ते सगळ्यात आधी बघायच्या.

ती बाई रिपोर्ट घ्यायला स्वतः आली. इंग्रजी कागद उलटापालटा करून म्हणाली, ‘ताई, ह्याच्यावर मराठीत लिहून शिक्का मिळंल का?’ मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी खरंच लिहून दिलं. पुढच्या फेरीला तिने ते लॅमिनेट करून आणलेलं दाखवलं. सासू तोवर वारली होती. मी विचारलं, मग कोणाला दाखवता? ‘सुनेला,’ ती म्हणाली.

ह्या आजारासाठी करतात ती पंजाची चाचणी मी दोन-तीनदा जवळून पाहिली, कारण लॅक्टेटच्या नळ्या बर्फात घालून पळत न्यायला माणूस लागायचा. दंडाला पट्टा आवळून रक्त थांबवायचं आणि रुग्णाने मूठ दाबत राहायची. निरोगी माणसात रक्तातलं लॅक्टेट झपाट्याने वर जातं. मॅकआर्डलमध्ये ते आहे तिथेच राहतं, अमोनिया मात्र भरपूर वाढतो. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये ब्रायन मॅकआर्डल ह्यांनी ह्याच मार्गाने १९५१ मध्ये हा आजार ओळखला. रुग्ण तीस वर्षांचा, व्यायाम केला की दुखणं, आणि लॅक्टेट वाढत नाही. स्नायूला ग्लायकोजेन फोडता येत नाही, हे त्यांनी एवढ्यावरून ताडलं. नेमकं कोणतं एन्झाइम नाही ते कळायला १९५९ उजाडलं. मी पाहिलेल्या एका चाचणीत रुग्णाची मूठ मिटली ती उघडेचना. नेहमीच्या पेटक्यात स्नायूतून विजेचे संदेश धडाधड चालू असतात. ह्या आखडण्यात सुई लावली तर मशीनवर रेषा सपाट. स्नायू ‘आवळ’ असा हुकूम नसतानाही आवळलेला राहतो, कारण सैल व्हायलाही ऊर्जा लागते आणि ती नाही. माझ्या हातात बर्फाचा डबा, तो माणूस घामाघूम, रेसिडेंट पांढराफटक. पुढे पट्टा आवळून ही चाचणी करणं बंद झालं. रक्तप्रवाह चालू ठेवून केली तरी उत्तर तेच मिळतं, आणि स्नायूला इजा होत नाही. मला वाटतं हे फार आधी व्हायला हवं होतं.

औषध नाही. हे लोकांना पटत नाही. एवढी मोठी तपासणी, एवढं मोठं नाव, आणि गोळी नाही? फॉस्फोरायलेजला काम करायला बी-सहा जीवनसत्त्व लागतं, पण एन्झाइमच बनत नसेल तर गोळीचा फारसा उपयोग कुठून होणार. वागण्यात बदल मात्र खूप कामाला येतो, आणि तो शिकवणारी फिजिओथेरपी विभागातली बाई आमच्या मॅडमइतकीच कडक होती. सुरुवात सावकाश. दुखलं की थांबायचं, जिद्द दाखवायची नाही. दहा मिनिटं हळू चालून पाय मोकळे झाले की मग हवं तेवढं चाला, रोज चाला, घरी बसून राहिलात तर आणखी बिघडेल. बैठका, जोर, गॅसचा सिलिंडर उचलणं, अडकलेली खिडकी ढकलणं, हे नको. चालायच्या थोडं आधी साखर घेतली तर रक्तातून ग्लुकोज मिळतो आणि सुरुवात सोपी जाते, हे २००३ मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं. पण दिवसभर साखर खात राहिलं तर वजन वाढतं, म्हणून ते प्रसंगापुरतं, डॉक्टरांना विचारून. भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञाला आधी सांगायचं, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी कोणी लिहिली तर तिथेही सांगायचं. लघवी काळी दिसली तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. आणि मुंबईत राहणाऱ्यांना ती एक सल्ला जास्तीचा द्यायची: दादरचा पूल गर्दीच्या वेळी चढू नका. जिन्यात थांबायची सोय नाही, मागची माणसं ढकलत वर नेतात.

एका रेसिडेंटने मला सांगितलं होतं की हा आजार शारोले जातीच्या गुरांत आणि मेरिनो मेंढ्यांतही सापडलाय. मामांना मी ते सांगितलं. ते म्हणाले, ‘मग त्यांना कोण आळशी म्हणत असेल?’

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तुकडे कमी होत गेले. रक्तातून जनुक तपासता यायला लागलं. मायोफॉस्फोरायलेजचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे, नाव पीवायजीएम. दंडातून पाच मिली रक्त घ्या, पाठवा, काही आठवड्यांत उत्तर. कोणाच्या मांडीवर चीर नको. ह्याचं मला वाईट वाटत नाही, कोणी का म्हणून कापून घ्यावं? फक्त स्टोअरशी भांडणं वाढली. ग्लुकोज-१-फॉस्फेट महाग, बाटलीला मुदत असते, आणि स्टोअरचा क्लार्क दर खेपेला विचारायचा की वर्षाला किती टेस्ट होतात. खरा आकडा सांगितला की मागणी नामंजूर व्हायची. मॅडम मग स्वतः खाली जाऊन बसायच्या.

ती बाटली एकदा पुन्हा लागली. नाशिककडचा एक मुलगा, सगळी लक्षणं तंतोतंत, जनुकाच्या रिपोर्टमध्ये बदलही सापडलेला, पण खाली लिहिलं होतं की ह्या बदलाचा अर्थ अनिश्चित. असे रिपोर्ट आता पुष्कळ येतात. अक्षर बदललंय एवढं मशीन सांगतं, त्याने एन्झाइम जातं की राहतं हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. मग आमच्याकडे फोन आला, तो जुना स्टेन अजून करता का? केला. नव्या मुलींना शेजारी उभं करून केला, त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. आयोडीन टाकल्यावर त्यांतली एक म्हणाली, ‘मॅडम, रंग नाही.’ मी तिला काच सरकवत रक्तवाहिनी शोधायला लावली. तिला वेळ लागला, पण सापडली, जांभळी. शेजारचा निरोगी कापही भरलेला.

त्या मुलाचं पक्कं झाल्यामुळे त्याच्या बहिणीचा तुकडा काढावा लागला नाही. तिच्या रक्तात तेवढा एक बदल शोधला, आणि एकाच प्रतीत सापडला, म्हणजे तिला स्वतःला काही होणार नव्हतं. आईने खिडकीत विचारलं, तिचं मामाच्या मुलाशी ठरत आलंय, काय करू? मी नेहमीसारखं डॉक्टरांकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी सांगितलं, ठरवायच्या आधी त्या मुलाचंही रक्त बघा. मुलगा येऊन रक्त देऊन गेला. त्याच्यात तो बदल नव्हता.